वळसंगच्या लग्नाची कॅसेट

भवानी पेठ, सोलापूर
सोमवार, २४ नोव्हेंबर

प्रिय विरेश,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल. आपल्या घरात पत्र यायचं ते कुणीतरी गेल्याचंच. तसं काही नाही, सगळे जिवंत आहेत. तुझे दाजी दुपारचे झोपलेत, त्यांचं घोरणं इथपर्यंत ऐकू येतंय. तू म्हणशील, अक्काकडं मोबाईल असताना हे कशाला? तर फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तू ‘बरं, कळलं’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. मला जे सांगायचंय ते दोन वाक्यांत बसणारं नाही. म्हणून आज शाळेच्या लायब्ररीतल्या नोकरीवर रजा टाकली आणि लिहायला बसले. एवढं एक कर. हे एकट्यानं वाच, बसून वाच, आणि शेवटपर्यंत वाच. मधेच उठून मला फोन लावू नकोस.

ऋतुजाच्या लग्नाला दोन महिने उरले, तू आता वधूपिता. दिवाळीला तू इथं आला होतास तेव्हा ती कल्पना तुझीच होती, की कार्यालयात मोठा पडदा लावायचा आणि आपल्या घरातली जुनी लग्नं पाहुण्यांना दाखवायची. तुझ्या लग्नाचे फोटो आहेत, माझ्या लग्नाचे चार-पाच आहेत, पण हलतं-बोलतं म्हणावं असं एकच, चंद्रव्वा आत्याच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट. ‘तेवढी शोध, अक्का, आणि कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर घे,’ म्हणालास. आणि निघताना उंबऱ्यात थांबून म्हणालास, ‘आप्पा जिथं जिथं दिसतील तिथं कात्री लाव. पाहुण्यांपुढं तमाशा नको.’ मी हो म्हणाले. बापालाच कात्री लावायची, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. खरं सांगते, तू म्हणाला नसतास तरी मी तेच केलं असतं.

कॅसेट आईच्या पत्र्याच्या पेटीत मिळाली, तिच्या शालूच्या घडीत. आईनं ती का जपली असेल, देव जाणे. तिच्या हयातीत आपण ती एकदाच पाहिली, शेजारच्या घरी व्हीसीआर भाड्यानं आणला होता तेव्हा, आणि आप्पा पडद्यावर आल्याबरोबर आईनं उठून बटण बंद केलं होतं. तुला आठवत असेल. मला कॅसेटच्या कडेला पांढरी भुकटी दिसली, पीठ सांडल्यासारखी. मी ती फुंकरून पदरानं पुसली आणि कासीमभाईंच्या दुकानात नेली.

कासीमभाई म्हणजे आपल्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांची व्हिडिओ लायब्ररी होती ते. आता तिथं पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन चालतं, पण दोन जुने व्हीसीआर अजून कापडाखाली झाकून ठेवलेत. लोक आपापल्या कॅसेटी घेऊन येतात आणि ते त्या कॉम्प्युटरवर उतरवून देतात. त्यांनी कॅसेट हातात घेतली, लेबल वाचलं आणि चष्मा वर केला. ‘ताई, हे अक्षर माझंय. हे शूटिंग मीच केलेलं. चोवीस वर्षांचा होतो, कॅमेरा उसना आणलेला.’ मी म्हटलं, घाला मशीनमध्ये, तर त्यांनी हात मागं घेतला. ‘अशी घालायची नाही. ही पांढरी दिसती ती बुरशी. फीत वाचणाऱ्या हेडवर बसली की मशीनही गेली आणि तुमची कॅसेटही.’

त्यांनी पाच स्क्रू काढून कॅसेट उघडली, आतली फीत नव्या डबीत बसवली, आणि ती हातानं फिरवत, मऊ कापडाला किंचित स्पिरिट लावून, वीत वीत करून पुसली. त्यात दोन दुपारी गेल्या. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायची. मला काही करायचं नव्हतं, पण उठवत नव्हतं. तीन तासांची फीत आहे, विरेश, आणि त्या तीन तासांत आपली आई पस्तिशीची आहे.

तिसऱ्या दिवशी कॅसेट चालू केली, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. चित्र नाहीच. आवाज मात्र आला. हलगी वाजत होती, बायका कुणालातरी हाका मारत होत्या, आणि मधेच अगदी जवळून एका बाप्याचा आवाज आला, ‘काय शिवपुत्र, सकाळीच टाकून आलास व्हय रं?’ आणि चार जण हसले. आप्पांचं नाव असं एकाएकी, त्या मुंग्यांतून, चौतीस वर्षांनी. कासीमभाई म्हणाले, ‘आवाजाचं हेड वेगळं असतं, ते साफ आहे. चित्राच्या हेडवर घाण बसली.’ त्यांनी मशीनचं झाकण काढलं आणि हेड ज्यात बसवलेलं असतं तो चकचकीत गोल ढोल एका बाजूनं कापड धरून हळूच फिरवला. वर-खाली घासलं तर हेड तुटतं म्हणे. कापडावर काळी रेघ उमटली. पुन्हा चालू केलं, तर मांडव दिसला.

दिसला म्हणजे कसा, खालच्या बाजूला पांढरा पट्टा पळत होता आणि वरची डोकी सगळी एका बाजूला ओढल्यासारखी तिरकी. चित्र जुळवायचं ट्रॅकिंगचं बटण दोन्ही बाजूंना फिरवून त्यांनी पट्टा खाली खाली नेऊन घालवला. फीत वर्षानुवर्षं घट्ट गुंडाळलेली, म्हणून एकदा पूर्ण पुढं पळवली, एकदा पूर्ण मागं; डोकी बरीचशी सरळ झाली. मग मी पाहिलं आईला, हिरव्या साडीत, हातात अक्षतांचं ताट. मला पाहिलं, दोन वेण्या आणि तोंडावर मोठं कुंकू. तुला पाहिलं. बारा वर्षांचा, खाकी चड्डी, इस्त्री केलेला पांढरा शर्ट, केस तेलानं चपचपीत. तू कॅमेऱ्याकडं बघून जीभ काढलीस. मी इतकी हसले की कासीमभाईंनी फीत मागं घेऊन ते पुन्हा दाखवलं.

आणि मग आप्पा आले. मी लगेच म्हटलं, ‘हे काढायचंय.’ कासीमभाई म्हणाले, ‘काढू की. आधी चित्र तरी थांबू दे. सगळंच थरथरतंय, कुठून कुठपर्यंत कापायचं ते तरी कळायला पाहिजे.’ सगळं चित्र थरथरत होतं हे खरं. मांडवाचे बांबू, तोरण, भिंत, माणसं, सगळं पाण्यात दिसावं तसं हलत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वायर बदलली. थोडा फरक पडला. कॅसेटचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारी ती छोटी डबी स्वस्तातली होती, ती बदलली. रंग सुधारले, थरथर तशीच. शेवटी ते आपल्या एका दोस्ताकडून दुसरा व्हीसीआर घेऊन आले. त्यात म्हणे चित्राची प्रत्येक ओळ जागेवर धरून ठेवणारी सोय असते. शुक्रवारची दुपार होती. दुकानात आम्ही दोघंच. त्यांनी कॅसेट घातली, आणि चित्र थांबलं. बांबू सरळ उभा राहिला. भिंतीवर चुन्यानं लिहिलेली वधू-वरांची नावं वाचता यायला लागली. आईचा चेहरा स्वच्छ झाला. बायकांच्या रांगा, जंगम स्वामी, आत्याच्या बाशिंगाचे मणी, सगळं जागच्या जागी.

फक्त आप्पा थांबले नव्हते.

ते बांबूला टेकून उभे होते. मुठीत अक्षता होत्या. आणि त्यांची बोटं पेटी वाजवावी तशी एकेक करून हलत होती, मुठीतून तांदूळ गळत होते, अजून मंगलाष्टक सुरूही व्हायचं होतं. डावा खांदा मधेच वर उडायचा. कपाळ आक्रसायचं, सैल पडायचं. पाऊल एकदम उचललं जायचं, मग ते पाऊल मुद्दामच टाकलंय असं भासवत ते एक ढांग पुढं यायचे. कासीमभाईंनी फीत मागं घेऊन पुन्हा पाहिली. मग म्हणाले, ‘अजून मशीनच असंल. हलत्या गोष्टीच्या कडा दातेरी दिसतात कॉम्प्युटरवर.’ त्यांनी तेही दुरुस्त केलं. दाते गेले. मग त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, आधी बांबूवर, मग आप्पांच्या हातावर. ‘ताई, खांब सरळ आहे. शेजारची चार माणसं सरळ आहेत. मशिनीला आता बोल लावता येत नाही.’

पुढचं तुला माहीत आहे, तू तिथं होतास. पण तू ते बारा वर्षांच्या डोळ्यांनी पाहिलंस आणि मी सतराच्या. आता एक्कावन्नाच्या डोळ्यांनी पाहिलं ते लिहिते. आप्पा पंगतीत ताकाचा जग घेऊन वाढायला निघतात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही, बहिणीच्या लग्नात आपण काहीतरी करावं म्हणून निघालेत. चालतात ते नाचल्यासारखं. लोक हसतात. तिसऱ्या पानावर जग त्यांच्या हातातून सुटतो आणि ताक पाहुण्याच्या धोतरावर. मग आपला मोठा मामा येतो, त्यांच्या थोबाडीत मारतो आणि दंडाला धरून मांडवाबाहेर नेतो. आप्पा प्रतिकार करत नाहीत. जाताना ते एकदा मागं बघतात. कॅमेरा त्यांच्या नजरेबरोबर वळतो आणि तिथं तू बसलेला आहेस. तू आपलं पान उचलतोस आणि पाठ करून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसतोस. मी तुला दोष देत नाही, बाळा. माझ्याकडं कॅमेरा वळला नाही इतकंच. मी त्या वेळी मैत्रिणीला सांगत होते की हे आमचे कुणी नाहीत.

कासीमभाईंनी मशीन बंद केलं. म्हणाले, ‘हे तुमचे वडील होते? मला आज कळतंय. त्या दिवशी पहाटे मांडवात मी आणि ते दोघंच जागे होतो. माझ्याशेजारी बसून त्यांनी चहा घेतला, बशीतून नाही, दोन्ही हातांनी कप दाबून. ताई, मी एवढी लग्नं केली, वास ओळखतो मी. त्यांना वास नव्हता. मला म्हणाले, पोरा, हात ऐकत न्हाईत बग माजं. फोटुत हात घिऊ नगंस, तोंड तेवढं घी. म्हणून तर मी सुरुवातीला नुसता चेहरा घेत होतो. नंतर कामाच्या गडबडीत विसरलो.’ आणि हा माणूस, विरेश, आप्पांचा कुणी नव्हे, तो माझ्यासमोर डोळे पुसायला लागला.

घरी आले ती सरळ अंथरुणावर पडले. दाजींना वाटलं ताप आला. मला एकेक आठवत होतं. पॉवरलूमच्या कारखान्यात तुटलेला धागा जोडायला आप्पांइतका चपळ माणूस नव्हता. चादर कारखान्याचा मालक त्यांना दुसऱ्या पाळीच्या गड्यांना गाठ मारायला शिकवायला लावायचा. मग गाठी सुटायला लागल्या. मग एक दिवस मालकानं ‘पिऊन कामावर येतोस’ म्हणून काढलं. घरी आई बाटली शोधायची, माळ्यावर, धान्याच्या डब्यात, न्हाणीच्या चुलीमागं. सहा वर्षांत एकदाही सापडली नाही. सापडत नाही म्हणजे बाहेर पिऊन येतो, असा तिचा हिशेब. तुला ती आप्पांचा शर्ट हुंगायला लावायची. तू एकदा म्हणालास, ‘आई, नुसत्या घामाचा वास येतोय,’ तर तिनं तुला मारलं, बापाला पाठीशी घालतो म्हणून. त्यानंतर तू नेहमी ‘येतोय’ म्हणायला लागलास.

मी आईलाही दोष देत नाही. दुसरं काही असू शकतं हे तिला सांगणारं कोण होतं? आप्पांचं डोकंही फिरत चाललं होतं. शब्द जड झाले होते, राग हाताबाहेर जायचा, तुझी कंपासपेटी त्यांनी दोनदा फोडली. शहाण्णव सालच्या डिसेंबरात ते वळसंगहून पायी यायला निघाले आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेच्या नाल्यात सापडले, डोकं दगडावर आपटलेलं. पंचनाम्यात दारूच्या नशेत पडून मृत्यू असं लिहिलं. कुणी काही विचारलं नाही. माती देऊन आल्यावर आई म्हणाली, ‘सुटलो.’ तू सतरा वर्षांचा होतास. विभूती लावलेल्या हातानं तू शपथ घेतलीस, दारूच्या थेंबाला शिवणार नाही म्हणून, आणि ती पाळलीस. अजून पाळतोस, हे मला माहीत आहे. या जगात ते छातीठोक सांगणारी मी एकटी उरले तरी सांगेन.

सोळा तारखेच्या रविवारी मी वळसंगला आत्याकडं गेले. कॅसेटचं निमित्त होतंच. तिला तिचं लग्न मोबाईलवर दाखवलं, ती लाजली, रडली, मग आप्पा दिसले. मी विचारलं, आत्या, तुला हे कधी वेगळं वाटलं नाही? तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. ‘वाटलं की. पन कुनाला सांगू? आमची आय अशीच हुती. लोकं म्हनायची अंगात येतंय. तिच्यापुढं नारळ फोडायची, हळद-कुकू वाहायची. अगं, देवी काय रोज उटून येती व्हय? भाकरी थापताना यायची, भांडी घासताना यायची. झोपली की तेवडी थांबायची. शेवटी गिळता यायचं न्हाय तिला. पंचेचाळीसला गेली. दादाला मांडवात बगितलं तवा मी वळखलं, हे आयचंच हाय. पन नवी नवरी मी, बाशिंग बांदलेली. सासरच्यांना कळलं असतं तर माजं लगीन जाग्यावर मोडलं असतं. मी गप बसले गं म्हानंदा. आजपतूर गप बसले.’ आत्या पंचावन्न वर्षांची आहे. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते. मी मुद्दाम ओवायला लावला.

तिथून परत आल्यावर मी ती दोन मिनिटांची चित्रफीत घेऊन मेंदू आणि नसांच्या डॉक्टर बाईंकडं गेले. त्यांनी ती तीनदा पाहिली. म्हणाल्या, व्हिडिओवरून निदान करता येत नाही, आणि माणूस तर आता नाही. पण आजीचं विचारलं, वयं विचारली, आत्याचं विचारलं, आणि मग एक नाव सांगितलं, हंटिंग्टनचा आजार. खात्री नाही, पण शंका दाट आहे, म्हणाल्या. रक्तातून येतो. आई-बापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. ज्याला आला नाही त्याच्यापुढं जात नाही. तिशी-चाळिशीत कधीतरी सुरू होतो, आधी बोटं, पाय, मग तोल, मग बोलणं. स्वभाव बदलतो, चिडचिड वाढते, हिशेब चुकायला लागतात, आणि बघणाऱ्याला वाटतं माणूस पितो. मुळापासून बरं करणारं औषध अजून नाही. हालचाली आणि मन आवरायला औषधं आहेत, व्यायाम आहे, काळजी घेऊन बरीच वर्षं नीट काढता येतात. रक्ताची एक तपासणी आहे, ती केली की नक्की कळतं. त्यांनी मला रेघेवर चालायला लावलं, बोटं मोजायला लावली, जीभ बाहेर काढून धरायला सांगितली. आत्ता तरी काही दिसत नाही, म्हणाल्या. मला मूल नाही म्हणून मी आयुष्यभर जे जे ऐकलं, त्याचं मला त्या खोलीत पहिल्यांदा बरं वाटलं. आणि लगेच ऋतुजाचा चेहरा समोर आला. मग बाईंनी पेन खाली ठेवून विचारलं, ‘तुमच्या भावंडांपैकी कुणाला असं काही?’ मी नाही म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत बघून मी खोटं बोलले आणि बाहेर येऊन बाकावर बसले. अर्ध्या तासानं परत आत गेले आणि खरं सांगितलं. ते खरं आता तुला सांगते.

दसऱ्याच्या दिवशी सुवर्णाचा मला फोन आला होता. तुझ्या बायकोनं तुझ्याबद्दल तक्रार करायची ही तेवीस वर्षांतली पहिली वेळ. म्हणाली, ‘अक्का, हे प्यायला लागलेत. शपथेवर नाही म्हणतात, पण चालताना झोक जातो, बारीकसारीक गोष्टीवर अंगावर येतात, ताटं पडतात हातातून. मी कपाटं शोधली, बाटली मिळत नाही.’ तू चालवतोस त्या कंपनीच्या बसमधल्या दोन बायांनी ड्रायव्हर पिऊन गाडी चालवतो असं लिहून दिलं, तुला दोनदा यंत्रात फुंकायला लावलं, दोन्ही वेळा शून्य आलं, तरी सुपरवायझर तुझ्याकडं संशयानं बघतो, हेही तिनंच सांगितलं. मला तेव्हा वाटलं, पुण्याच्या रस्त्यांचा ताण असेल. दिवाळीला माझ्या घरी तुझ्या हातून चहाचा कप पडला, तू कपालाच शिव्या दिल्यास, तेव्हाही मी हसून फडकं आणलं. मग आप्पांना तसं पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुकानात कॅसेटचं उरलेलं काम सुरू असताना तू व्हिडिओ कॉल केलास. चित्र सारखं हलत होतं. मी म्हटलं, रेंज नाही वाटतं. ऋतुजानं तुझ्या हातातून फोन घेतला आणि तिनं धरला, आणि चित्र थांबलं. मागचं कपाट थांबलं, कॅलेंडर थांबलं. तू सोफ्यावर बसून माझ्याशी बोलत होतास आणि मांडीवर तुझी बोटं एकेक करून उठत होती. कासीमभाई माझ्या खांद्यामागून बघत होते. ते दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

म्हणून हे पत्र. विरेश, तू पीत नाहीस. तुझ्या बायकोला, त्या बसमधल्या बायांना, सुपरवायझरला, सगळ्यांना सांगायला मी येणार आहे. आप्पांच्या बाजूनं कुणी बोललं नाही, मीही नाही, ते एकटे बोलत राहिले आणि त्यांचं तोंड वाकडं व्हायचं म्हणून कुणी ऐकलं नाही. तुझं तसं होऊ देणार नाही. कदाचित हे दुसरंच काही निघेल, थायरॉईड, मणका, एखादं औषध बाधलेलं. डॉक्टर बाई म्हणाल्या तसंही असू शकतं. तसं निघालं तर मला हवं तेवढं बोल. नाही निघालं तर ऋतुजाला आपण दोघं बसून सांगू, लग्नाच्या आधी सांगू. चंद्रव्वा आत्यासारखं आपण गप्प बसायचं नाही. तिला आणि त्या मुलाला काय ठरवायचं ते त्यांना ठरवू दे. तुझी तपासणी आधी होईल, मग माझी. पुण्यातल्या डॉक्टरांची वेळ मी पुढच्या सोमवारची घेतली आहे. पण त्या बसमध्ये रोज सकाळी चाळीस माणसं असतात, माझ्या राजा, आणि हे वाचल्यापासून तू त्या सीटवर बसायचं नाहीस. कारण काहीही सांग, बहीण आजारी आहे सांग. मी शनिवारी सकाळच्या गाडीनं येते आहे. स्टेशनवर घ्यायला ये. मोटरसायकल काढू नकोस, रिक्षानं ये.

तुझीच,
अक्का